प्राचीन ग्रीक आणि रोमन लोकांचा समुद्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीक पुराणकथांतून समुद्राकडे पाहिलं की पोसायडन, जलकन्या आणि राक्षस दिसतात. अथेन्सच्या न्यायालयातली भाषणं आणि बुडालेली जहाजं पाहिली की व्याज, हंगाम, गळती आणि माल दिसतो. खालच्या उत्तरांत दोन्ही आहे, पण कल दुसऱ्या बाजूला आहे. त्या कथांमधली बरीचशी भीती खलाशांच्या आणि सावकारांच्या रोजच्या हिशेबातूनच आलेली आहे.

जहाजं वर्षभर चालत का?

नाही. रोमन लष्करी लेखक व्हेजिटियस तारखाच देतो: २७ मे ते १४ सप्टेंबर निर्धोक, ११ नोव्हेंबर ते १० मार्च समुद्र बंद, मधले दिवस ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर. त्याच्या सुमारे हजार वर्षं आधीचा ग्रीक कवी हेसिओड आणखी कडक आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतरचे ५० दिवस, एवढाच त्याच्या मते खरा हंगाम.

वादळं हे एक कारण झालं. दुसरं तितकंच मोठं कारण म्हणजे ढग. हिवाळ्यात रात्री तारे दिसत नाहीत, दिवसा किनाऱ्यावरचे डोंगर दिसत नाहीत आणि दिवसही लहान. वाट शोधायची साधनंच नाहीशी होतात.

आपल्याकडे कोळी पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्र पूजतात. भूमध्य समुद्रात हाच प्रकार हिवाळ्याच्या अखेरीस होई. रोमन काळात ५ मार्चला इसिस देवीच्या उत्सवात एक सजवलेलं, बिनमाणसांचं जहाज पाण्यात सोडून हंगाम उघडत.

बोट हिवाळ्यासाठी कशी ठेवायची हेही हेसिओड सांगतो. कृत्तिका मावळू लागल्या की बोट किनाऱ्यावर ओढा. वाऱ्याने हलू नये म्हणून चहूबाजूंनी दगड रचा. तळाचं बूच काढा, नाहीतर पावसाचं पाणी साचून लाकूड कुजेल. शीड आणि दोर घरात न्या, सुकाणू चुलीच्या धुरावर टांगा. औलिसहून समोरच्या युबिया बेटावर जाण्याएवढाच समुद्रप्रवास आपण केला, असं तो स्वतःच म्हणतो, म्हणजे एक चिंचोळी सामुद्रधुनी! तरी बूच काढायचा सल्ला अचूक आहे.

'समुद्र बंद' ही सरकारी बंदी नव्हती. रोममध्ये धान्याची टंचाई झाली आणि लोकांनी फोरममध्ये सम्राट क्लॉडियसवर शिळ्या भाकरीचे तुकडे फेकले, तेव्हा त्याने हिवाळ्यातही धान्य आणणाऱ्यांचं वादळातलं नुकसान सरकार सोसेल असं जाहीर केलं. हमी मिळताच लोक निघालेच.

होकायंत्र नव्हतं. मग वाट कशी सापडायची?

डोंगर, वारे, तारे आणि समुद्राचा तळ यांवरून. भूमध्य समुद्राभोवती उंच डोंगर आहेत, त्यामुळे स्वच्छ हवेत किनारा फार लांबून दिसतो. वाऱ्यांना नावं होती आणि दिशा त्या नावांनीच सांगत. अथेन्समधल्या 'वाऱ्यांच्या मनोऱ्या'वर आठ दिशांचे आठ वारे आजही कोरलेले दिसतात. रात्री ग्रीक खलाशी सप्तर्षींकडे पाहत. फिनिशियन लोक (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी) ध्रुवमत्स्याकडे पाहत, आणि त्यांची पद्धत जास्त अचूक होती, कारण ध्रुवमत्स्य उत्तर ध्रुवबिंदूच्या जास्त जवळ आहे.

तळ चाचपायला दोरीला बांधलेलं शिशाचं वजन असे. त्याच्या बुडाला खळगी असे आणि तिच्यात चरबी भरत, म्हणजे वजन तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपले जे असेल ते चिकटून वर येई. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की इजिप्त एका दिवसाच्या अंतरावर असतानाच ११ वाव (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर) खोलीवर चिखल हाती लागतो. नाईलचा तो गाळ हीच किनारा जवळ आल्याची खूण, कारण तिथली जमीन इतकी सपाट की डोळ्यांना ती फार उशिरा दिसते.

ते किनारा धरूनच जात, हे खरं का?

अर्धंच. युद्धनौका किनारा धरून जात, कारण त्यांत ना झोपायला जागा होती, ना पुरेसं पाणी. मालवाहू जहाजाच्या तांडेलाला मात्र किनारा हीच धोक्याची जागा वाटे. जहाज फुटतं ते खडकावर. वारा किनाऱ्याकडे ढकलत असेल आणि शीड चौकोनी असेल तर बाहेर पडणं फार अवघड. म्हणून मोठी धान्यवाहू जहाजं सरळ खुल्या समुद्रातून जात.

ग्रीसच्या दक्षिण टोकाचं मालेया भूशिर यासाठी बदनाम होतं. 'मालेयाला वळसा घालणार असशील तर घर विसर' अशी म्हणच होती. तरीही हिएरापोलिस (आजच्या तुर्कस्तानात) इथल्या फ्लाव्हियस झ्यूक्सिस या व्यापाऱ्याच्या थडग्यावर कोरलंय की त्याने मालेयाला वळसा घालून इटलीचा प्रवास ७२ वेळा केला. मरणानंतर लोकांनी हाच आकडा वाचावा असं त्याला वाटलं, यातच सगळं आलं.

एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायला किती दिवस लागत?

अंतरापेक्षा वाऱ्यावर अवलंबून. उन्हाळ्यात भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात वारा उत्तरेकडून वाहतो. त्यामुळे इटलीहून अलेक्झांड्रियाला जाताना वारा पाठीशी: रोमन लेखक प्लिनी एका जहाजाची नोंद देतो की ते नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरातून नवव्या दिवशी अलेक्झांड्रियात पोचलं. परतताना तोच वारा तोंडावर. मग आशिया मायनर किंवा क्रीटच्या बाजूने वळसा घेत महिना, कधी दोन महिने. ग्रीक लेखक ल्युशियनने वर्णन केलेलं 'इसिस' हे प्रचंड धान्यवाहू जहाज (लांबी १२० हात, रुंदी ३० हात) इटलीला निघालं होतं, पण वाऱ्याने भरकटत सत्तराव्या दिवशी अथेन्सच्या पिरेयस बंदराला लागलं.

सगळी गाडी अडायची ती इथेच. मालक हंगामाच्या शेवटी आणखी एक फेरी काढायचा मोह धरतो आणि परतीच्या वाटेवर शरद ऋतू गाठतो. बायबलमधला पॉलचा जहाजप्रवास याचं उत्तम उदाहरण. अलेक्झांड्रियाचं धान्याचं जहाज, वर २७६ माणसं, उशीर झालेला, क्रीटजवळ वादळ. खलाशांनी जहाजाभोवती दोर आवळले, सामान फेकलं, खोली मोजली: आधी २० वाव, थोड्या वेळाने १५. किनारा जवळ येतोय हे कळताच त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले. शेवटी गहूही समुद्रात गेला आणि जहाज माल्टाच्या किनाऱ्यावर फुटलं. माणसं वाचली. नौकानयनाचा इतका तपशीलवार वृत्तांत त्या काळातला दुसरा क्वचितच मिळतो.

जहाज कसं बांधत?

आजच्या समजुतीच्या उलट्या क्रमाने. आधी सांगाडा उभारून त्यावर फळ्या ठोकायच्या, असं नाही. आधी फळ्यांचं कवच आणि मग आतून वाशे. तळाच्या कण्यापासून सुरुवात करून फळीच्या काठाला काठ भिडवत वर जायचं. प्रत्येक दोन फळ्यांच्या काठांत समोरासमोर खाचा पाडायच्या, त्यांत कठीण लाकडाची पट्टी बसवायची, आणि ती निसटू नये म्हणून दोन्ही फळ्यांतून आरपार लाकडी खुंट्या ठोकायच्या. सायप्रसजवळ १९६५ मध्ये सापडलेल्या किरेनिया जहाजात हे सांधे साधारण दर १२ सेंटिमीटरवर आहेत. एवढी सुतारकी केल्यावर फटी बुजवायला फारसं काही भरावं लागत नसे. लाकूड पाण्याने फुगलं की सांधे आपोआप घट्ट.

किरेनिया जवळून पाहण्यासारखं आहे. लांबी जेमतेम १४ मीटर, बहुतेक भाग पाइनचा, बुडालं ते इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. आत चारशेच्या आसपास अँफोरा, म्हणजे दोन कानांचे, निमुळत्या बुडाचे मातीचे कुंभ, त्यांतले बहुतेक ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या दारूचे. शिवाय २९ जात्याचे दगड, नीरम म्हणून, म्हणजे जहाज स्थिर राहावं यासाठीचं वजन म्हणून, तळात बसवलेले, आणि हजारो बदाम. खाण्यापिण्याची भांडी चार-चार, म्हणजे खलाशी चार असावेत. जहाज म्हातारं होतं. अनेकदा डागडुजी झालेली, शेवटी बाहेरून शिशाचा पत्रा मारलेला.

तो पत्रा कशासाठी?

लाकूड पोखरणाऱ्या किड्यासाठी. हा खरं तर शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. तो बारीक छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या आत फळी पोकळ करतो; बाहेरून काहीच कळत नाही. शिशाखाली डांबरात किंवा राळेत भिजवलेलं कापड घालून तांब्याच्या चुकांनी पत्रा ठोकत. पत्रा जड, त्यामुळे व्यापारी जहाजांनाच परवडे. युद्धनौकांना वेग हवा, म्हणून त्या वारंवार ओढून काढत, वाळवत आणि छपराखाली ठेवत. पिरेयसच्या झेया बंदरातल्या या गोदामांच्या मापावरूनच त्या नौका सुमारे ३७ मीटर लांब असाव्यात हे ठरवता आलं. जास्त दिवस पाण्यात राहिलेली युद्धनौका जड होते आणि लढाईत मागे पडते. सिसिलीतल्या अथेन्सच्या आरमाराचं इ.स.पू. ४१४–४१३ मध्ये नेमकं हेच झालं.

दुसरी नेहमीची चूक माल रचण्यातली. अँफोराची टोकदार बुडं खालच्या थरातल्या मानांच्या मधल्या जागेत बसवायची, मध्ये डहाळ्या किंवा गवत कोंबायचं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं माद्राग द जियाँ हे ४० मीटरचं जहाज असे तीन थर घेऊन चाललं होतं. सहा हजारांहून जास्त अँफोरा, भरलेला प्रत्येक सुमारे ५० किलोचा. रचना सैल राहिली आणि माल एका बाजूला सरकला तर जहाज पुन्हा सरळ होत नाही.

युद्धनौकांवर गुलामांना साखळ्या घालून वल्हवायला लावत?

नाही. हे चित्र सिनेमातलं आहे आणि खूप नंतरच्या काळावर बेतलेलं. अथेन्सच्या ट्रायरीमवर १७० वल्हवणारे असत: वरच्या रांगेत ६२, मधल्या रांगेत ५४, खालच्या रांगेत ५४. बहुतेक स्वतंत्र, पगारी माणसं; गरीब नागरिक आणि बाहेरून आलेले. सिसिलीच्या मोहिमेत दिवसाला एक द्राक्मा (चांदीचं नाणं) मिळे. अडचणीच्या वेळी गुलाम घेतले जात, पण इ.स.पू. ४०६ मध्ये आर्गिनुसाय बेटांजवळच्या लढाईसाठी घेतलेल्या गुलामांना त्याबद्दल स्वातंत्र्य मिळालं.

प्रत्येकाजवळ स्वतःचं वल्हं, ते अडकवायची कातडी वादी आणि बसायची गादी. वल्हं चार मीटरच्या थोडं वर. सर्वांत खालच्या रांगेची भोकं पाण्यापासून जेमतेम अर्धा मीटर उंच, म्हणून त्यांना चामड्याच्या बाह्या शिवलेल्या असत. ती बाही फाटली की पाणी आत. खालच्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, वरच्याचा घाम अंगावर गळतो, आणि ताल चुकला की वल्ही एकमेकांत अडकतात. म्हणून बासरीवाला हवाच.

१९८७ मध्ये बांधलेल्या 'ऑलिंपियास' या प्रतिकृतीने थोड्या अंतरापुरता ९ नॉटच्या आसपास वेग गाठला. खरं हत्यार होतं पुढची ब्राँझची धडक. १९८० मध्ये इस्रायलच्या अथलितजवळ सापडलेली अशी धडक २.२६ मीटर लांब आणि ४६५ किलोची आहे. धडकून लगेच मागे वल्हवावं लागे, नाहीतर आपलीच नौका शत्रूच्या नौकेत अडकून पडते.

रोमन लोकांना समुद्र आवडत नसे म्हणतात. खरं का?

आवडण्यापेक्षा त्यांना तो उशिरा कळला. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजशी झालेल्या पहिल्या युद्धात, इ.स.पू. २६०च्या सुमारास, त्यांनी शत्रूच्या हाती लागलेल्या एका नौकेवरून नमुना घेऊन १०० मोठ्या आणि २० लहान युद्धनौका झपाट्याने बांधल्या. आणि नौका तयार होईपर्यंत माणसांना जमिनीवर मांडलेल्या बाकांवर बसवून वल्हवायला शिकवलं. हे जमलं. जमलं नाही ते हवामान ओळखणं. इ.स.पू. २५५ मध्ये तांडेल नको म्हणत असताना सेनापतींनी सिसिलीचा दक्षिण किनारा धरला आणि ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या आकड्यांप्रमाणे ३६४ पैकी ८० नौका उरल्या. जोर लावला की सगळं होतं अशी रोमन लोकांची समजूत असते, जमिनीवर ती चालून जाते, समुद्रावर नाही, असा शेरा तो मारतो. शेरा कडवट आहे, पण चुकीचा नाही.

पुढे हेच लोक सगळ्या भूमध्य समुद्राला 'आपला समुद्र' म्हणू लागले.

सामान्य माणसाने प्रवास कसा करायचा?

प्रवासी जहाज असं काही नव्हतंच. धक्क्यावर जाऊन त्या दिशेला जाणारं मालवाहू जहाज विचारायचं, तांडेलाशी भाडं ठरवायचं, अंथरूण आणि शिधा स्वतःचा आणायचा, डेकवर झोपायचं. पाणी जहाजाचं. निघायचा दिवस आधी ठरत नसे: वारा हवा, शकुन हवा. जहाजावर केस किंवा नखं कापणं अशुभ. ते फक्त वादळात, नवस म्हणून.

सेनेका हा तत्त्वज्ञ नेपल्सहून पुतेओलीला, म्हणजे अगदी जवळ, निघाला होता. वेळ वाचावा म्हणून त्याने खाडीच्या मधून नाव घालायला लावली. मळमळ इतकी झाली की किनारा जवळ येताच हा गृहस्थ पाण्यात उडी मारून खडकांवरून वर चढला, आणि पुढे त्यावर मित्राला पत्रही लिहिलं.

जहाज बुडालं तर पैसे कोणाचे बुडत?

सावकाराचे, आणि म्हणूनच व्याज जबर होतं. सागरी कर्जाचा नियम असा: जहाज सुखरूप पोचलं तर मुद्दल आणि व्याज, बुडालं तर कर्जदार मोकळा. विमा आणि कर्ज एकाच कागदात.

इ.स.पू. चौथ्या शतकातला असा एक करार अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या नावावरच्या भाषणात जसाच्या तसा आहे. कर्ज ३,००० द्राक्मा. वाट: अथेन्सहून मेंडे किंवा स्किओनी (उत्तर ग्रीसमधली बंदरं), तिथून काळ्या समुद्रात, आणि परत. तारण मेंडेच्या दारूचे ३,००० कुंभ. व्याज हजारी २२५. पण स्वाती तारा पहाटे उगवू लागल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, काळ्या समुद्रातून निघालात तर हजारी ३००. अथेन्सला पोचल्यावर २० दिवसांत फेड. वादळात फेकलेल्या मालाची वजावट मान्य, पण ती सगळ्या प्रवाशांनी मिळून ठरवून फेकलेली असली पाहिजे. एका ताऱ्याच्या उदयावर साडेसात टक्क्यांचा फरक! ग्रीक लोक आकाश किती लक्ष देऊन पाहत, याचा याहून चांगला पुरावा नसावा.

लबाडी व्हायचीच. याच प्रकरणात कर्जदारांनी पाचशे कुंभसुद्धा भरले नाहीत असा आरोप आहे. दुसऱ्या एका खटल्यात हेगेस्ट्राटस नावाच्या जहाजमालकाने भरपूर कर्ज उचललं, पैसे घरी मार्सेयला पाठवले, आणि मग जहाजच बुडवायचं ठरवलं, म्हणजे कर्ज माफ. रात्री तळात उतरून तो भोक पाडत असताना आवाज झाला. पकडायला आलेल्यांना चुकवून त्याने मागे बांधलेल्या होडीच्या दिशेने उडी मारली, अंधारात नेम चुकला आणि तोच बुडाला. जहाज केफालोनिया बेटाला सुखरूप लागलं.

आणि वादळात एकाचाच माल फेकला तर?

नुकसान सगळ्यांनी वाटून घ्यायचं. हा ऱ्होड्सचा नियम रोमन कायद्याने उचलला आणि सागरी विम्यात तो 'जनरल ॲव्हरेज' या नावाने आजही जिवंत आहे. बारकावे पाहण्यासारखे आहेत. फेकलेल्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरायची, कारण त्यावर नफा झालेलाच नाही. वाचलेल्या मालाची मात्र विक्रीच्या भावाने. अंगावरचे कपडे आणि अंगठीसुद्धा हिशेबात धरायची, खाण्याचा शिधा नाही. स्वतंत्र माणसाच्या जिवाला किंमत लावता येत नाही, म्हणून तो हिशेबाबाहेर. जहाज वाचवायला डोलकाठी मुद्दाम तोडली तर तिचा खर्च सर्वांनी वाटायचा. वादळाने मोडली तर मालकाचा मालकाने.

पाण्यात बांधकाम कसं करत?

नेपल्सच्या आखाताजवळची ज्वालामुखीची राख आणि चुना. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस प्रमाण देतो: राख दोन भाग, चुना एक भाग. पाण्यात लाकडी साचा उभारायचा, तळ साफ करायचा, आणि हे मिश्रण दगडांसह आत भरायचं. ते पाण्याखालीच घट्ट होतं. खारं पाणी आत झिरपलं की त्यातून नवी खनिजं तयार होतात आणि फटी भरतात, म्हणून दोन हजार वर्षांनंतरही हे काँक्रीट टिकून आहे. साधा चुना पाण्यात असा घट्ट होत नाही. त्यामुळेच राजा हेरोडने पॅलेस्टाइनच्या कैसरिया बंदरासाठी ही राख थेट इटलीहून जहाजांनी आणवली.

पण बंदर म्हणजे सुरक्षितता असं नाही. रोमजवळच्या ओस्तियाच्या उत्तरेला क्लॉडियसने इ.स. ४२ मध्ये सुरू केलेलं बंदर इतकं मोठं आणि उघडं होतं की इ.स. ६२ मध्ये आत उभी असलेली सुमारे २०० जहाजं वादळात बुडाली. पुढे सम्राट ट्राजनने आतल्या बाजूला षट्कोनी गोदी खणली, तेव्हा ते काम पुरं झालं.

पोसायडनवर खलाशांची खरंच श्रद्धा होती का?

भीती होती, जवळीक कमी. पोसायडन समुद्राचा तसाच भूकंपाचा आणि घोड्यांचा देव. तो लहरी, अपमान न विसरणारा. संकटात मात्र हाक मारली जाई कॅस्टर आणि पॉलक्स या जुळ्या भावांना; वादळात डोलकाठीच्या टोकावर दिसणारी निळसर विजेची ज्योत म्हणजे तेच आले, असं मानत. अॅफ्रोडाइटीची 'सुखरूप प्रवासाची देवी' म्हणून पूजा होई आणि रोमन काळात इसिसचीही.

निघताना दारूचं अर्घ्य. इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीला निघालेल्या आरमाराने पिरेयसमध्ये एकाच वेळी, सोन्याचांदीच्या पेल्यांतून, हे अर्घ्य दिलं. जहाज बांधताना डोलकाठीच्या खाचेत नाणं ठेवत: लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सला सापडलेल्या रोमन जहाजात सम्राट डोमिशियनचं नाणं होतं, त्यावर हातात सुकाणू घेतलेली भाग्यदेवता, आणि ती बाजू वर करून ठेवलेली.

राक्षसांचंही असंच. स्किला आणि कॅरिब्डिस यांची जागा प्राचीन लेखकांनी सिसिली आणि इटली यांमधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीत दाखवली. तिथे दोन बाजूंच्या समुद्रांच्या भरत्या जवळजवळ उलट्या वेळी येतात, त्यामुळे जोरदार प्रवाह आणि भोवरे होतात. आजही होतात.

बुडून मरण्याची एवढी दहशत का?

प्रेत सापडत नाही म्हणून. अंत्यसंस्कार नाहीत तर मृताला परलोकात थारा नाही. रिकामी थडगी बांधत, त्यांवर कवितेत पत्ता आणि बापाचं नाव. आर्गिनुसायच्या लढाईत अथेन्स जिंकलं, पण वादळामुळे बुडत्या नौकांवरची माणसं आणि प्रेतं उचलता आली नाहीत. आठ सेनापतींवर ठपका आला, दोघे परतलेच नाहीत, सहा जणांना जिंकूनही मृत्युदंड झाला.

पोहणं मात्र ग्रीकांना यायचं. सालामिस बेटाजवळच्या लढाईत, इ.स.पू. ४८० मध्ये, नौका फुटलेले ग्रीक पोहत बेटावर पोचले आणि पर्शियन बुडाले, असं हेरोडोटस सांगतो.

समुद्रातलं काय खात?

ताजा चांगला मासा महाग होता. गरिबाच्या वाट्याला खारवलेला किंवा लहान मासा. सगळ्यांच्या स्वयंपाकात असायचा तो गारम हा माशांचा रस. एका ग्रीक शेतीग्रंथातली कृती: लहान मासे, म्हणजे मांदेलीएवढे, किंवा बांगड्याच्या जातीचे, आठ मापं, मीठ एक माप. कालवून रात्रभर ठेवायचं. मग मातीच्या भांड्यात, तोंड उघडं ठेवून, दोन-तीन महिने उन्हात, अधूनमधून काठीने ढवळत. शेवटी वरचा रस गाळून घ्यायचा. मासा विरघळतो तो त्याच्याच आतड्यांतल्या पाचक रसांनी. मिठाचं काम सडणं रोखणं. मीठ कमी पडलं की नासतं, फार झालं की विरघळणं मंदावतं. स्पेनच्या बांगड्याच्या गारमला प्लिनीच्या काळी साधारण साडेसहा लिटरला हजार सेस्टर्स (रोमन नाणी) पडत. पाँपेईतल्या स्कॉरस नावाच्या गारम व्यापाऱ्याने आपल्या घराच्या फरशीवर गारमच्या बाटल्यांचीच मोझेक चित्रं करून घेतली.

जांभळा रंग इतका महाग का?

एका शंखातल्या गोगलगायीच्या ग्रंथीतून थेंबभर द्रव निघतो म्हणून. १९०९ मध्ये एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी वापरल्या, तेव्हा १.४ ग्रॅम रंग मिळाला. वासामुळे हे कारखाने वस्तीबाहेर असत.

चाचे कधी संपले?

इ.स.पू. ६७ मध्ये, तेही काही काळापुरते. रोमन सेनापती पाँपीला जादा अधिकार मिळाले, त्याने समुद्राचे १३ भाग पाडून प्रत्येकावर अधिकारी नेमला, म्हणजे एका कोपऱ्यातून हुसकलेले चाचे दुसरीकडे पळू नयेत. तीन महिन्यांत काम झालं. शरण आलेल्यांना त्याने जमिनी दिल्या. फाशीपेक्षा हाच भाग जास्त उपयोगी पडला असावा.

या सगळ्याचा महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी काही संबंध?

सरळ संबंध. इ.स. पहिल्या शतकातली, ग्रीक भाषेत लिहिलेली एका व्यापाऱ्याची मार्गदर्शिका, जी 'पेरिप्लस' म्हणून ओळखली जाते, तिच्यात सोपारा, कल्याण आणि चौल (सेमिला) ही बंदरं आहेत. इजिप्तमधून जुलैत निघायचं, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडायचा. भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि त्याच्या पूर्वेला १० दिवसांवर तेर, तिथून बैलगाड्यांनी अकीक आणि कापड भडोचला येई. कल्याणबद्दल ताकीद आहे: सत्ताबदलानंतर तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात.

या खलाशांना इथली भरती-ओहोटी नवी होती. भूमध्य समुद्रात पाणी फारसं चढत-उतरत नाही. याच अज्ञानापायी इ.स.पू. ५५ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या उधाणात सीझरची जहाजं फुटली होती. भडोचला नर्मदेच्या मुखाशी राजाने नेमलेले स्थानिक कोळी होड्या घेऊन पुढे येत, परदेशी जहाजं दोराने ओढत, भरतीबरोबर पुढे नेत आणि ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगरून ठेवत. वाटाड्याशिवाय आलेलं जहाज आडवं पडून गाळात रुतण्याचा धोका होता.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती याच व्यापारातून आलेली आहे. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे.